बायंडरला आधी विचारा

छापखान्यांच्या मालकांकडून गेली काही वर्षं एक युक्तिवाद सतत ऐकू येतो. बायंडिंग हा छपाईतला शेवटचा टप्पा, म्हणून सर्वांत कमी महत्त्वाचा. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते मजकुराचे, रंगीत कव्हरचे आणि वेळेत माल मिळण्याचे. पुस्तक कसं बांधलंय हे कुणी बघत नाही, तेव्हा जो सर्वांत स्वस्तात करून देईल त्याला काम द्यावं. संग्रामपूर, शेगाव, अकोट अशा ठिकाणचे छोटे बायंडर सांभाळत बसण्यापेक्षा छापलेले ताव गाडीत घालून मोठ्या शहरात पाठवावेत, तिथे यंत्रावर एका दिवसात हजारो प्रती निघतात. आणि रजिस्टरं? ती तर संगणकात गेली, आता त्यांच्या पक्क्या बांधणीचा आग्रह कशाला?

मी याच धंद्यात आहे. आसपासच्या छापखान्यांची घडीची, शिलाईची, पिनिंगची, कटिंगची, नंबरिंगची कामं माझ्याकडे येतात. म्हणजे या वादात माझं पोट गुंतलेलं आहे, हे वाचकाने लक्षात ठेवूनच पुढे वाचावं. पण या युक्तिवादातलं एकेक विधान तपासलं तर ते चुकीचं निघतं, आणि त्या चुकीची किंमत छापखाना किंवा बायंडर भरत नाही. ती वाचक भरतो, शाळा भरते, दाखल्यासाठी वणवण करणारा माणूस भरतो. म्हणून हे लिहितो आहे.

त्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. घडी यंत्रावर जास्त चांगली बसते. मोठ्या आवृत्तीची शिलाई हाताने करत बसणं आज कुणालाच परवडणार नाही, आणि दोऱ्याच्या शिलाईचीही उत्तम यंत्रं आहेत. वारीत वाटायच्या बत्तीस पानी हरिपाठाला मधोमध दोन पिना पुरेशा असतात. त्याला जुजबंदी, म्हणजे दोऱ्याची शिलाई, करा म्हणणारा बायंडर गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवतो. यंत्राला माझा विरोध नाही आणि स्वस्ताईलाही नाही. ‘शेवटी येतं म्हणून शेवटी ठरवायचं’ या समजुतीला आहे.

बांधणीचं काम शेवटी होतं हे खरं, पण ती बिघडते फार आधी. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा बिघडलेल्या कामांतली बहुतेक कागद कापतानाच किंवा पानं मांडतानाच बिघडलेली असतात. कागद गिरणीत बनतो तेव्हा त्याचे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने पडतात. त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. कागद या दिशेने सहज वाकतो आणि सरळ फाटतो. उलट दिशेने ताठ राहतो आणि वेडावाकडा फाटतो. पुस्तकात हा ग्रेन पाठीला समांतर हवा. तसा असला की पान सहज उलटतं आणि पुस्तक उघडून ठेवलं की उघडं राहतं. आडवा गेला की पानं उभी राहतात, आणि खळ किंवा सरस लागून पाठीला ओल मिळाली की तंतू रुंदीत फुगतात आणि सगळी पाठ लाटेसारखी होते. छापखान्यात मात्र ताव कसा कापायचा हे कागद किती वाचतो यावर ठरतं. एका रिममागे थोडा कागद वाचला की मालक खूश असतो. त्या वाचलेल्या कागदाने पाचशे पुस्तकांची पाठ वाकडी केली, हे त्याला कळतच नाही, कारण ती पुस्तकं तोवर त्याच्या दारातून गेलेली असतात. पुढे तक्रार आली तर नाव बायंडरचं.

समासाचंही तेच. बाजूने पिना मारायच्या असतील तर पाठीकडे जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर ओळीची पहिली अक्षरं पिनेखाली जातात. मधोमध पिना मारायच्या असतील तर आतली पानं बाहेर सरकतात, त्यामुळे बाहेरच्या आणि आतल्या पानांचा समास थोडा वेगळा मांडावा लागतो. हे पानं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याला छपाईच्या आधी सांगायचं असतं. छपाई झाल्यावर सांगून उपयोग काय? जाड आर्ट कार्डावर घडी मारायच्या आधी क्रीझ मारावी लागते, नाहीतर लग्नपत्रिकेच्या घडीवर रंग तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. शाई पुरती वाळली नसताना लॅमिनेशनला पाठवलं तर प्लास्टिक सुटतं. कव्हरला एकाच बाजूने लॅमिनेशन असतं, म्हणून पावसाळ्यात उघडी बाजू हवेतली ओल पिते आणि कव्हर वर वळतं. यातलं काहीही माझ्या कटिंग मशीनवर दुरुस्त होत नाही.

‘मोठ्या शहरात यंत्रावर करून आणा’ या म्हणण्याकडे येतो. तिथे बहुतेक वेळा होतं ते परफेक्ट बायंडिंग. घडी घातलेल्या तावांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक रचायचे, पाठीकडच्या घड्या काही मिलीमीटर कापून खरखरीत करायच्या, त्यावर गरम डिंक लावायचा आणि कव्हर चिकटवायचं. घडी कापली की प्रत्येक पान सुटं होतं, आणि ते धरून ठेवणारी जागा असते फक्त कागदाच्या जाडीएवढी. सत्तर जीएसएमच्या मॅपलिथोची जाडी मिलीमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी असते. साधा कागद असेल, पान मजबूत धरणारा डिंक असेल आणि पुस्तक कपाटात राहणारं असेल तर ही बांधणी चालते, हे मी नाकारत नाही. कादंबरी वाचून बाजूला ठेवायची असते, तिला ती पुरते. पण नेहमीचा ईव्हीए डिंक उष्णतेने मऊ पडतो आणि थंडीत, तसाच जुना झाल्यावर, कडक होऊन तडकतो. आमच्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो. पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. पीयूआर नावाचा दुसरा डिंक आहे. तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्याला सुमारे एक दिवस द्यावा लागतो, पण मग तो उन्हाळ्यालाही दाद देत नाही आणि थंडीलाही नाही. तो महाग आहे, त्याचं यंत्रही महाग आहे. शहरात माल पाठवणाऱ्या मालकाला मी एवढंच विचारतो, कोणत्या डिंकाने करून घेतलंत? बहुतेकांना ते ठाऊक नसतं. दर ठाऊक असतो.

सर्वांत वाईट अवस्था स्मरणिकांची होते. शाळेचा सुवर्णमहोत्सव, सहकारी संस्थेचा पन्नासावा वाढदिवस, गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेले रंगीत फोटो. आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो. डिंक त्या लेपाला धरतो, आतल्या तंतूंपर्यंत पोचत नाही. समारंभात प्रती वाटल्या जातात, लोक आपला फोटो शोधायला पुस्तक उलटं वाकवतात, आणि ज्या पानावर फोटो आहे तेच पान हातात येतं. अशा कामाला शिलाईच हवी. ती परवडत नसेल तर कागद बदलावा. यातलं एकही न करता फक्त दर पाडायचा, ही त्या संस्थेची फसवणूक आहे. छापखान्याने हेतूने केली नसेल, तरीही.

‘वाचक बांधणी बघत नाही’ हे विधान आमच्या संग्रामपूर तालुक्यात तर कुणी करूच नये. गजानन महाराजांचं शेगाव आम्हाला लागून आहे. या भागात श्रीगजाननविजय नसलेलं घर शोधावं लागेल. दासगणूंची ही पोथी एकवीस अध्यायांची. कुणी ती तीन दिवसांत, रोज सात अध्याय अशी वाचतं, कुणी एका बैठकीत पूर्ण करतं. पोथी वाचणारा माणूस पुस्तक हातात धरून, अर्धं मिटून वाचत नाही. तो ती पाटावर किंवा चौरंगावर उघडी ठेवतो, समोर बसतो, आणि हात जोडलेले किंवा जपमाळेत असतात. म्हणजे पोथी आपोआप उघडी राहायला हवी. डिंकाने चिकटवलेलं पुस्तक तसं राहत नाही, ते मिटायला बघतं. मग वाचणारी आजी पाठीवर तळहात ठेवून ते दाबते. दाबलं की डिंकाला चीर जाते. पुढच्या पारायणाला तिथूनच पान निघतं. कोणतंही धार्मिक पुस्तक छापताना प्रकाशकाने ही एक गोष्ट डोळ्यांसमोर आणली तरी शिलाई की डिंक हा प्रश्न सुटतो. घडी न कापता फर्म्याच्या मधोमध दोरा घातला की दोन्ही बाजूंची पानं एकच कागद राहतात. पान निघायचं तर कागदच फाटावा लागतो. दोनशे आठ पानांच्या पोथीत सोळा पानी फर्मे तेरा होतात. त्या तेरा फर्म्यांच्या शिलाईला जो जास्तीचा खर्च येतो, तो माझ्या हिशेबात पुष्कळदा कव्हरवरच्या चकचकीत स्पॉट यूव्हीतून निघतो.

माझ्याकडे लोक सुटलेल्या पोथ्या दुरुस्तीला घेऊन येतात. त्यात पानं पुठ्ठ्याच्या आत ठेवून वरून दोरी बांधलेली असते. काहींनी सेलोटेप लावलेली असते आणि काही वर्षांत तिचा पिवळा चिकट डाग अक्षरांवर उतरलेला असतो. नवी पोथी दुकानात मिळते, किंमतही फार नसते. तरी ते नवी घेत नाहीत, कारण त्या जुन्या पोथीवर आईने किंवा सासूने पारायणं केलेली असतात, पहिल्या पानावर कुणाच्या हातची तारीख असते. हे लोक बांधणी बघत नाहीत असं कोण म्हणेल?

इथे एक विद्वान आक्षेप निघतो, त्यालाही उत्तर देतो. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या सुट्याच पानांच्या होत्या, पेशव्यांचं दप्तरही रुमालात बांधलेलं होतं, मग बांधणीचा एवढा आग्रह कशाला? हे खरं आहे की हस्तलिखित पोथ्या आणि सुरुवातीच्या शिळाछाप पोथ्या सुट्या आडव्या पानांच्या असत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आजही आहेत. पण ती सुटी पानं सुटी राहण्यासाठीच केलेली होती. जाड कागद, प्रत्येक पानावर क्रमांक, चारी बाजूंनी भरपूर समास, खाली-वर फळ्या, त्यावर घट्ट गुंडाळलेला कपडा, आणि वाचून झालेलं पान पालथं ठेवण्याची शिस्त. ती एक पूर्ण विचार करून केलेली पद्धत होती. डिंक सुटून गळालेल्या पातळ पानाला यातलं काहीही नसतं. परंपरेचा आधार घ्यायचाच तर तिच्या काटेकोरपणाचा घ्यावा.

बिलबुकांबद्दल थोडक्यात. बाजार समितीतले अडते, जिनिंगवाले, कृषी सेवा केंद्रं, सगळ्यांना हंगामाच्या तोंडावर बुकं लागतात. जीएसटीच्या नियमांनुसार मालाच्या विक्रीचं बिल तीन प्रतींत आणि सलग क्रमांकाचं हवं. नंबरिंगमध्ये एक आकडा दोनदा पडला किंवा एक राहिला, तर तपासणीच्या वेळी उत्तर व्यापाऱ्याला द्यावं लागतं. परफोरेशन उथळ असेल तर पावती फाटताना रकमेचा कोपरा जातो. खोल असेल तर बुकातली पानं खिशातच सुटतात. हे काम ‘किरकोळ’ म्हणून कुणीही कुठेही टाकतं.

आता रजिस्टरांकडे वळतो, कारण ‘सगळं संगणकात गेलं’ हे विधान मला सर्वांत घातक वाटतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरती, मग साऱ्या राज्यासाठी. त्यानंतरच्या महिन्यांत महाराष्ट्रभर तहसिलींत आणि शाळांत काय उघडलं गेलं? कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची प्रवेशाची रजिस्टरं, मोडीतली जुनी दप्तरं. लाखो मराठा कुटुंबांच्या आरक्षणाचा प्रश्न एका ओळीवर, एका पानावर येऊन थांबला. त्या आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, पान टिकलं असेल तरच ती ओळ सापडणार होती, हे सर्वांना सारखंच लागू आहे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. संग्रामपूर तालुक्याची उत्तरेकडची गावं सातपुड्याच्या पायथ्याला आहेत, तिथे आदिवासी वस्ती आहे. तिथल्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी पडताळणी करायची असेल, तर तिच्या आजोबा-पणजोबांचं नाव १९५० पूर्वीच्या एखाद्या कागदावर सापडावं लागतं. बहुतेकांच्या घरी कागद नसतो. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हाच आधार असतो, आणि ते कुणीतरी कधीतरी बांधलेलं असतं.

जुन्या काळची अशी रजिस्टरं मी दुरुस्त केली आहेत. फर्मे दोऱ्याने शिवलेले, पाठीला कापडाची पट्टी, जाड पुठ्ठा, कोपऱ्यांना कापड. खळीत मोरचूद घातलेलं असायचं, कसर आणि वाळवी लागू नये म्हणून. आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. इथल्या पाण्यातले क्षार पाठीत जाऊन ओल धरू नयेत म्हणून खळ शिजवायला मी गोडं पाणीच वापरतो. त्या रजिस्टरांचे कोपरे झिजलेले असतात, पण पानं जागेवर असतात. उलट, काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून माझ्याकडे आलेल्या नव्या रजिस्टरांची पानं वर्ष संपायच्या आत निघाली होती. खरेदीच्या मागणीपत्रात पानांची संख्या होती, कागदाचं वजन होतं, बांधणीबद्दल एक शब्द नव्हता. सर्वांत कमी दर भरणाऱ्याने बाजूने पिना मारून दिल्या, आणि नियमाप्रमाणे तेच बरोबर ठरलं.

संगणकाचं म्हणाल, तर संगणकीकरणानेच जुन्या वह्यांची गरज दाखवून दिली. सातबारा ऑनलाइन करताना नोंदींत चुका निघाल्या, तेव्हा गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं आणि संगणकातला उतारा हस्तलिखित सातबाऱ्याशी ताडून पाहावा लागला. हस्तलिखित नसतं तर कशाशी ताडलं असतं? स्कॅन करायलाही वही नीट उघडावी लागते. बाजूने पिना मारलेली वही पाठीपर्यंत उघडत नाही. आतल्या बाजूची अक्षरं स्कॅनमध्ये काळ्या सावलीत जातात, किंवा पाठ कापून पानं सुटी करावी लागतात. म्हणजे कागद संगणकात जायच्या आधीही चांगली बांधणी लागते. ज्या कार्यालयांत आणि शाळांत अशी रजिस्टरं आहेत, त्यांना हात जोडून विनंती: फाटक्या पानांना सेलोटेप लावू नका, आणि जुन्या पानाला प्लास्टिकचं लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते प्लास्टिक पुन्हा सुखरूप काढता येत नाही.

शाळेच्या पुस्तकांच्या बाबतीतही बांधणीचा विचार राहूनच गेला. २०२३ मध्ये सरकारने दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून बालभारतीची पुस्तकं चार भागांत विभागून, मध्ये वहीची कोरी पानं घालून द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं रद्द केली. यावर भरपूर चर्चा झाली, कागदाची, खर्चाची, मुलं त्या पानांवर लिहितात की नाही याची. ज्या पुस्तकात मूल रोज लिहिणार, खोडणार, दाबून उघडं ठेवणार, त्याची बांधणी वाचायच्या पुस्तकापेक्षा वेगळी हवी का, हा प्रश्न माझ्या वाचनात तरी कुणी विचारला नाही. कोणताही बायंडर तो पहिल्याच दिवशी विचारेल.

शेवटचा युक्तिवाद उघडपणे कुणी बोलत नाही, पण दर ठरवताना तोच डोक्यात असतो: बायंडिंगला डोकं लागत नाही, हमालीचं काम आहे. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे चौदाव्या वर्षी लंडनमध्ये जॉर्ज रिबो नावाच्या बायंडरकडे उमेदवारीला लागला आणि सात वर्षं राहिला. बांधायला आलेली पुस्तकं वाचूनच तो विज्ञानाकडे वळला. हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, ती स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जागा मिळाली. हे उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ज्या टेबलावर हे शिक्षण झालं त्या टेबलाचा कुणी विचार करत नाही. आमच्या धंद्यात घडी घालणं आणि फर्मे क्रमाने उचलणं हे काम बहुतेक ठिकाणी बाया करतात, नगावर. एक फर्मा उलटा लागला किंवा गाळला गेला तर आख्खं पुस्तक रद्दी. त्या हे चूक न होऊ देता, बोलता बोलता, दिवसभर करतात. अक्षर न वाचताही त्यांच्या बोटांना जाडीवरून कळतं की एक ताव कमी आहे. दर पाडला जातो तेव्हा डिंकाची किंमत कमी होत नाही, पुठ्ठ्याची होत नाही, विजेची होत नाही. कमी होते ती फक्त त्यांची मजुरी. ‘स्वस्तात करून आणलं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने स्वस्त नेमकं काय झालं हे सांगावं.

माझी मागणी छोटी आहे. गिऱ्हाइकाला दिल्या जाणाऱ्या कोटेशनमध्ये आज छपाई, कागद, बायंडिंग मिळून एकच आकडा असतो. तो फोडावा. बांधणीची ओळ वेगळी लिहावी आणि तीत प्रकार लिहावा: मधली पिन, बाजूची पिन, ईव्हीए, पीयूआर की दोऱ्याची शिलाई. समोर लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक विचारतं, आणि विचारलं की निवडतं. शाळा आणि कार्यालयांच्या मागणीपत्रांतही तेवढंच असावं: पानं किती, कागद कोणता आणि शिलाई कोणती. आणि कागद कापायला घेण्याच्या आदल्या दिवशी, ताव टेबलावर असताना, बायंडरला एक फोन करावा. ग्रेन कुठला, समास किती, शाई वाळायला किती वेळ देणार, एवढंच तो विचारेल. तालुक्याच्या ठिकाणचा बायंडर त्यासाठी हवा आहे. हजारो प्रती एका दिवसात काढणारं यंत्र दुसऱ्या शहरात असेल, खुशाल तिथेच काढा. पण ते यंत्र कागद कापायच्या आधी तुम्हाला फोनवर काही सांगत नाही.